समास

वहीत समास सोडला नाही, की मी मुलांवर रागावतो. परवा मात्र एका मुलाला ३४ गुण देऊन मोकळा झालो. पस्तिसावा कुठे सापडतो का, ते पाहिले नाही. न्याय तो न्याय!

रात्री नेहमीप्रमाणे बायबल वाचायला घेतले. लेवीयच्या १९व्या अध्यायात आज्ञा आहे, की शेत कडेपर्यंत कापू नये. कडेचे पीक गरिबाचे नि परक्याचे. म्हणजे हे दान नव्हे, त्यांचा हक्कच. अशाच शेतात परमुलखातली रूथ सरवा वेचायला आली, आणि मत्तयाने तिचे नाव येशूच्या वंशावळीत घातले.

आमच्या शिरवण्याची भातखाचरे १९७० नंतर नवी मुंबईच्या भूसंपादनात गेली. आता सरवा कुठला? माझ्यापाशी शेत नाही, पेपरांचा गठ्ठा आहे.

उठलो, आणि त्याची गाठ सोडली.