आश्वासन आणि धीर

इंग्रजी भाषेत 'रिॲशुअर' असे एक क्रियापद आहे. त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ 'काळजीविरहित' असा होतो. तेव्हा भ्यालेल्या मनुष्यास पुन्हा निश्चिंत करणे हे त्या क्रियापदाचे कार्य होय. मराठीत त्यासाठी आपण कधी 'आश्वासन देणे' म्हणतो, कधी 'धीर देणे', आणि दोहोंचा अर्थ एकच समजून चालतो. आमच्या मते तो एक नव्हे. आणि हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा नसून नीतिविचारासही महत्त्वाचा आहे.

'आश्वासन' हा शब्द 'श्वस्' ह्या धातूपासून आला. 'विश्वास' हे त्याचेच भावंड. भयाने कोंडलेला श्वास मोकळा करणे हा त्याचा मूळ भाव. परंतु आज कोणी 'त्याने आश्वासन दिले' असे म्हटले, की ऐकणारा लागलीच 'कशाचे?' म्हणून विचारतो. 'त्याने धीर दिला' ह्यावर तो प्रश्न कोणी करीत नाही. आश्वासन पुढे घडावयाच्या गोष्टीविषयी असते. धीर समोरच्या माणसाला दिलेला असतो. म्हणूनच आश्वासन पाळावे किंवा मोडावे लागते, आणि धीर देणाऱ्यास केवळ जवळ राहावे लागते.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील नर्मदाकाठाने हा भेद प्रत्यक्ष भोगला आहे. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली निवाडा दिला, त्यात सरदार सरोवरामुळे चतुर्थांशाहून अधिक जमीन गमावणाऱ्या प्रत्येक कुटुंबास किमान दोन हेक्टर ओलिताखाली येणारी जमीन द्यावी, आणि पुनर्वसनाची व्यवस्था झाल्यावाचून कोणाचीही भूमी बुडवू नये, असे स्पष्ट नमूद होते. आश्वासन याहून नेमके असू शकत नाही. महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बुडिताच्या छायेत होती. चालू परिस्थितीत विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, असा अभिप्राय जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ साली दिला. आणि १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा अनेकांचे पुनर्वसन व्हावयाचेच होते. शब्द देणारे कोरडे राहिले. त्यावर विसंबणारे भिजले.

त्याच दशकात नर्मदाकाठच्या डोंगरांत आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या. पाणी चढणार नाही, अशी हमी तेथील शिक्षक देऊ शकत नव्हते. पण उद्याचा भरवसा नसलेल्या गावी मुलांना अक्षरे शिकविणे म्हणजे त्या गावाला धीर देणेच होय.

एवढ्यावरून धीर श्रेष्ठ व आश्वासन कनिष्ठ, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाही. धीराने पोट भरत नाही, आणि बुडालेल्या शेताच्या जागी तो शेत होत नाही. ज्याच्या हाती जमीन देण्याचे सामर्थ्य आहे, त्याने जमिनीच्या ऐवजी धीर देऊ केला, तर ऋणकोने धनकोस सबुरीचा उपदेश करावा, तसाच तो प्रकार ठरेल. उलट, ज्याच्या हाती काहीच नाही, त्याने 'सर्व ठीक होईल' असे छातीठोक सांगणे, हेतू कितीही प्रेमळ असला तरी, दुसऱ्याच्या जिवावर केलेले औदार्य होय. कारण ते खोटे ठरल्यास झळ ऐकणाऱ्यास लागते, बोलणाऱ्यास नाही.

म्हणून भयभीत माणसापुढे तोंड उघडण्यापूर्वी प्रत्येकाने आपले सामर्थ्य तपासावे. सामर्थ्य असेल, तर शब्द द्यावा व त्याला जागावे. नसेल, तर शब्द आवरून सोबत द्यावी. समर्थांनी नुसता धीर देणे आणि असमर्थांनी आश्वासने वाटणे, ह्या दोहोंमुळेच, ज्या शब्दाचा मूळ भाव श्वास मोकळा करणे हा आहे, तो ऐकताच आज लोकांच्या मनात पहिली शंका येते.