अकरावा गुरू : पतंग



दत्तभक्तहो, अवधूतांच्या चोवीस गुरूंची नावे आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहेत. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य असे बोटांवर मोजत गेले, की अकराव्या जागी पतंग येतो. नातवंडांना सांगताना हा शब्द जरा फोड करून सांगावा लागतो, नाहीतर त्यांना संक्रांत आठवते. हा पतंग दिव्यावर येणारा. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा अवधूतांना विचारतो, की तुम्हांला ना घर ना दार, ना कसला उद्योग, मग तुम्ही असे आनंदात कसे? त्याचे उत्तर म्हणून हे चोवीस गुरू येतात. नाथमहाराजांनी हा संवाद मराठीत किती विस्ताराने उलगडला आहे, ते एकनाथी भागवताचे पारायण करणाऱ्यांना मी सांगायला नको.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या चोवीसांपैकी एकानेही अवधूतांच्या कानात मंत्र सांगितला नाही. पतंगाला तर आपण कुणाचे गुरू झालो याचा पत्ताही नव्हता. मग विद्या आली कुठून? बघण्यातून आली. अवधूत थांबले, त्यांनी पाहिले आणि पाहिलेले विसरले नाहीत. गुरू सगळीकडे आहेत, असे आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. पण घरी जाताना ओसरीतल्या ट्यूबलाइटखाली दहा पतंग मरून पडलेले असतात, ते केरसुणीने लोटून देतो. त्यांतला एक तरी निरखून कुणी पाहतो का?

पतंगापासून अवधूत काय शिकले, ते आपल्याला माहीत आहे. ज्याची इंद्रिये ताब्यात नाहीत तो रूपाला, दागिन्यांना, वस्त्रांना भुलतो आणि ज्योतीवर पतंग पडावा तसा पडतो. आजवर आपण याचा अर्थ असा घेतला, की पतंगाला ज्योतीचा लोभ सुटतो. पण 2024 साली काही संशोधकांनी वेगवान कॅमेरे लावून दिव्याभोवती फिरणाऱ्या कीटकांचे उडणे टिपले, आणि त्यात निराळेच दिसले. पतंग दिव्याकडे तोंड करून झेपावत नाही, तो दिव्याकडे पाठ करतो. का? तर रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा थोडे उजळ असते. उजेड पाठीवर घ्यायचा, म्हणजे आपण सरळ उडतो आहोत हे कळते. लाखो वर्षे त्याच्या जातीचा हा नेम. तो कधी चुकला नाही, कारण वर दुसरा उजेडच नव्हता. मग आपण दिवा लावला. पतंग त्या दिव्याकडे पाठ करतो, वाकडा होतो, गरगरतो, उलटा होऊन खाली येतो. दिवा उघडा असेल तर जळतो.

म्हणजे बघा, पतंगाने दिव्याला आकाश समजले. अवधूतांच्या यादीत आकाश हा तिसरा गुरू आणि अग्नी पाचवा. बिचारा अकरावा गुरू पाचव्याला तिसरा समजून बसतो! मला विचाराल तर याने अवधूतांचे वचन कुठे खोटे पडत नाही, उलट ते जास्त जवळ येऊन लागते. लोभी माणूस आपण नव्हे, असे म्हणून आपण सगळे सुटून जातो. पण जन्मभर ज्याला आकाश समजून पाठीवर घेतले, ते आकाशच होते का? पेन्शन, मुलांची प्रतिष्ठा, घराण्याचे नाव... हा प्रश्न साठी उलटलेल्या माणसाला टाळता येत नाही. मोह बहुतेक वेळा वाईट वासनेच्या रूपाने येत नाही, तो जुन्या नेमाच्या वाटेने येतो.

आणखी एक पाहण्यासारखे आहे. पौर्णिमेला दिव्यावर पतंग कमी येतात. पतंग मोजणाऱ्यांचा हा जुना अनुभव. आकाशच उजळलेले असले, की दिव्याची सत्ता कमी होते. आपल्या महाराजांचा जन्म मार्गशीर्ष पौर्णिमेचा. यावर मी जास्त बोलत नाही, त्या रात्री अंगणात उभे राहून आपणच पाहा.

पाहायचे कुठे, असे कुणी विचारील. आपण औदुंबराला प्रदक्षिणा घालतो ना? अकरा, एकवीस, एकशे आठ. त्यांतली शेवटची एक मान वर करून घाला. औदुंबराची पाने खाऊन वाढणाऱ्या अळ्या आहेत. त्यांतलीच एक पुढे कॉमन क्रो नावाचे फुलपाखरू होते. तपकिरी रंगाचे, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके, संथ उडणारे. ते आपण हजार वेळा पाहिले आहे, नाव माहीत नव्हते इतकेच. त्याचा कोष पानाखाली लोंबतो, आणि तो चांदीच्या डुलासारखा चकाकतो, खोटे वाटेल इतका. हीच अळी कण्हेरीवरही सापडते. मारुतीला वाहायची रुई आणतो, तिच्या पानांवर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी असते, तिचे केशरी फुलपाखरू होते. परसातल्या कढीलिंबावर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मग हिरवीगार होणारी अळी असते. चार पाने तिने खाल्ली तर फोडणी काही अडत नाही. लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणारे काळे-निळे मोठे फुलपाखरू, त्याला राणी पाकोळी म्हणतात, महाराष्ट्राने 2015 साली राज्याचे फुलपाखरू ठरवले. अळी दिसली की औषध मारायचे आणि पाकोळी दिसली की फोटो काढायचा, हा आपला न्याय काही बरा नव्हे.

पाहिले की लिहावे. यासाठी साधी शंभर पानी वही पुरते. तारीख आणि तिथी, वेळ, जागा, कोणत्या झाडावर, किती होती, ऊन की ढग. नाव येत नसेल तर नाव लिहू नये, रंग लिहावा, बसताना पंख मिटले की पसरले ते लिहावे. फुलपाखरू बहुधा पंख मिटून बसते, त्याच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंग बहुतेक पंख पसरून बसतो. चतुर पंख आडवे पसरून बसतो, आणि त्याची नाजूक बहीण टाचणी पंख पाठीवर मिटून घेते. काकड आरतीला येता तेव्हा सभामंडपातल्या दिव्याजवळची भिंत पाहा, रात्रीचे पाहुणे तिथेच टेकलेले असतात. झाडलोट होण्याआधी आणि पाल उठण्याआधी पाच मिनिटे मिळतात. ऐकलेले लिहायचे नाही, पाहिलेलेच लिहायचे. सत्याचा एवढा सोपा अभ्यास दुसरा मला माहीत नाही.

अशा लिहिण्याने काय होते? मालदीव बेटांवर चार्ल्स अँडरसन नावाचे एक संशोधक राहत. ते खरे समुद्री जीवांचे अभ्यासक. पण दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला तिथे चतुरांचे थवे उतरतात, हे त्यांच्या लक्षात आले. चतुराची अंडी गोड्या पाण्यात वाढतात, आणि त्या बेटांवर उघडे गोडे पाणी जवळजवळ नाहीच. मग हे आले कुठून? त्यांनी वर्षानुवर्षे येण्याच्या तारखा लिहून ठेवल्या, दक्षिण भारतातल्या तारखांशी ताडून पाहिल्या, आणि 2009 साली मांडले, की हे चतुर भारतातून निघतात आणि वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. परतीचा प्रवास त्यांच्या पुढच्या पिढ्या करतात. बोटाएवढा जीव! पावसाळ्याच्या शेवटी मोकळ्या मैदानावर घिरट्या घालणारे, पिवळसर रंगाचे जे चतुर दिसतात, त्यांत हेच असतात. गावाकडची पोरे चतुराच्या शेपटीला दोरा बांधतात, त्यांना ही हकीगत जरूर सांगावी. स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला, अशी ज्यांची रोजची फेरी, त्यांच्या भक्तांना या भटक्याचे नवल वाटेल तसे कौतुकही वाटेल.

उत्सव मंडळाला माझी एक विनंती आहे. जन्मसोहळा झाला, पालखी झाली, शेजारती झाली, की कळसावरचे आणि झाडांवर सोडलेले मोठे दिवे बंद करावेत. समईला कुणाची हरकत नाही, तिला काच लावावी म्हणजे झाले. रात्रभर जे दिवे लागणारच, ते पांढऱ्याऐवजी पिवळे घ्यावेत, त्यांच्यावर कीटक कमी येतात आणि महाराजांच्या मूर्तीलाही तो रंग शोभतो. मी म्हणालो ती वही मात्र देणगीच्या टेबलाशी दोरीने बांधून ठेवावी, पेनासकट. पेन दर आठवड्याला नवे लागेल, याची तयारी ठेवा.