ओझ्याचा हिशेब

सहलीच्या अंदाजपत्रकात नीतीचा प्रश्न दडलेला असतो, असे कोणी म्हटल्यास ते हसण्यावारी नेले जाईल. पैसा आपला, हौस आपली. मग इतरांचा संबंध काय? परंतु मयूर विहारातील आमच्या स्नेही मंडळींनी टांझानियातील किलिमांजारो चढण्याचा बेत केला आणि खर्चाचा आराखडा आमच्याकडे सोपवला, तेव्हा हा संबंध आकड्यांतूनच दिसू लागला. ज्या वसाहतीच्या आसमंतात गाझीपूरच्या कचऱ्याखेरीज दुसरा डोंगर नाही, तेथील माणसांना ५८९५ मीटर उंचीची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच होय.

विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवरील या पर्वताच्या माथ्यावर आजही हिम आहे. मार्गदर्शकाशिवाय तो चढण्याची परवानगी नाही. आणि मार्गदर्शकामागोमाग आचारी व हमाल येतात. तंबू, शिधा, भांडी, एवढेच नव्हे तर आपले कपडेही तेच वाहतात.

आता खर्चाच्या बाबी पाहाव्यात. विमानभाडे, व्हिसा आणि राष्ट्रीय उद्यानाचे दर दिवसाचे शुल्क यांत आपली घासाघीस चालत नाही. कात्री लावण्याजोग्या मुख्य बाबी दोनच उरतात : चढाईचे दिवस आणि माणसांची मजुरी. दिवस कमी केले तर विरळ हवेची सवय होण्यास अवधी मिळत नाही आणि त्याचे फळ मुख्यतः आपल्याच शरीराला भोगावे लागते. मजुरी कमी केली तर भोगणारा दुसराच असतो. पहिली काटकसर अविचाराची, दुसरी अन्यायाची. स्वस्त दरपत्रकात मात्र तो दर कशामुळे उतरला, हे लिहिलेले नसते. कोठे ओझे २० किलोंच्या पुढे जाते, कोठे हमालाच्या वाट्याला दिवसाकाठी एकच जेवण येते, तर कोठे मजुरीची उणीव प्रवाशांच्या बक्षिसीतून भरून काढली जाते. मजुरी हा हक्क आहे, बक्षिसी ही मर्जी. एकीची जागा दुसरीने घेतली की हक्काचा उपकार होतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : ‘तो खुशीने येतो; आपण गेलो नाही तर त्याला तेवढेही मिळणार नाही.’ हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. आमच्या मते त्याला अक्कल असते, नसतो तो पर्याय. म्हणूनच त्याचा होकार हा योग्य मोबदल्याचा पुरावा ठरू शकत नाही. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला, त्याच्या मुळाशी हीच जाणीव होती. ओझे उचलणारा तेव्हाही ‘खुशीनेच’ उचलत होता.

कचेरीत आयुष्य घालविणाऱ्यांना सर्वांत कमी दराच्या निविदेचे महत्त्व सांगावयास नको. परंतु तो दर स्वीकारला जातो, तो विहित अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी. मग येथेही अटी आधी का घालू नयेत? माणसे किती, प्रत्येकाच्या हाती दर दिवशी किती पैसे पडणार, निजण्याची सोय काय, ओझे कोण तोलणार, हे प्रश्न दिल्लीत बसूनही पत्राने विचारता येतात. जो व्यवसायी उत्तर टाळतो, त्याचे दरपत्रक कितीही आकर्षक असले तरी बाजूस ठेवावे.

अशा हिशेबाने रक्कम फुगते, हे खरे. मंडळींपैकी दोघांना ती झेपणार नाही, हेही खरे. आणि त्यांची निराशा आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. तथापि, जी हौस दुसऱ्याच्या अपुऱ्या मजुरीवाचून परवडत नाही, ती आपल्याला परवडत नाही, एवढाच तिचा अर्थ. अशा वेळी बेत वर्षभर पुढे ढकलावा, किंवा १६४६ मीटरांचे आपले कळसूबाई गाठावे. मात्र तेथेही बारी गावातला वाटाड्या सोबत घेतल्यास त्याचा मोबदला निघण्यापूर्वीच ठरवावा. उतरल्यावर खिशात काय उरले ते पाहून नव्हे.