गुण आला, हे कोणी सांगायचं?

शॉक म्हटलं की आपल्याला वीजच आठवते. हिंदी सिनेमानं ती खोली, तो पलंग आणि हातपाय धरून ठेवणारे वॉर्डबॉय डोळ्यांसमोर पक्के बसवलेत. पण मनोविकारांवर शॉक द्यायला डॉक्टर शिकले ते विजेच्या आधी, इन्सुलिनवर. ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मला तर वाटतं, विजेच्या शॉकविषयी मत बनवण्याआधी तीच ऐकायला हवी.

तिची जमीन व्हिएन्नात तयार झाली होती. मेंदूपर्यंत पोचलेल्या सिफिलिसच्या रुग्णांना वाग्नर-याउरेग या मनोविकारतज्ज्ञानं 1917 मध्ये मुद्दाम हिवतापाची लागण केली आणि चढलेल्या तापानं काहींना उतार पडला. 1927 मध्ये त्याला नोबेल मिळालं. शरीराला जबर हादरा दिला की बिघडलेलं मन ताळ्यावर येतं, या कल्पनेला त्या नोबेलनं प्रतिष्ठा मिळाली. 1933 मध्ये त्याच व्हिएन्नात मानफ्रेड साकेल या डॉक्टरनं स्किझोफ्रेनियावर इन्सुलिनचा उपचार जाहीर केला.

त्या वॉर्डातली सकाळ अशी असे. रुग्णाला उपाशीपोटी इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायचं आणि डोस दिवसेंदिवस वाढवत न्यायचा. रक्तातली साखर उतरू लागली की दरदरून घाम फुटे, लाळ गळे, बोलणं अडखळे आणि माणूस बेशुद्ध होई. काहींना त्यातच आकडी येई. डोळ्याच्या बुबुळाला कापूस लावला तरी पापणी मिटेनाशी झाली, म्हणजे बेशुद्धी पुरेशी खोल गेली असं धरत. मग ठरलेल्या वेळी नाकातून नळी घालून साखरेचं पाणी पोटात सोडायचं. रुग्ण घामानं भिजलेला, कमालीचा भुकेला, लहान मुलासारखा बिलगत जागा होई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्यातले बहुतेक दिवस, पन्नास-साठ वेळा. काही जण पुन्हा शुद्धीवर आलेच नाहीत.

तरीही युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या इस्पितळांनी यासाठी वेगळे विभाग उघडले. हे डॉक्टर क्रूर होते असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. वर्षानुवर्षं कोंडलेल्या माणसांसाठी काहीच करता येत नसताना त्यांच्या हाती काहीतरी आलं होतं, आणि रुग्ण सुधारताना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. फक्त का सुधारतात, हे त्यांना दिसत नव्हतं. या विभागात आजार नुकताच सुरू झालेले, तब्येतीनं धडधाकट रुग्ण निवडून घेत. असे रुग्ण एरवीही बरे होण्याची शक्यता जास्त. शिवाय परिचारिका दिवसभर उशाशी असत, दुपारी खेळ असत, फिरायला नेत, पोटभर जेवण मिळे. बाकीच्या वॉर्डांत ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं, त्या माणसाच्या श्वासावर इथे कोणीतरी लक्ष ठेवून होतं.

1953 मध्ये हॅरॉल्ड बोर्न या तरुण ब्रिटिश डॉक्टरनं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की इन्सुलिनचा गुण ही दंतकथा आहे. ज्येष्ठ त्याच्यावर तुटून पडले. चार वर्षांनी, 1957 मध्ये, ॲकनर हा डॉक्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये सरळ चाचणीच घेतली: काहींना इन्सुलिननं बेशुद्ध केलं, काहींना झोपेच्या औषधानं, आणि काळजी दोघांचीही सारखी घेतली. दोन्ही गटांच्या सुधारण्यात फरक दिसला नाही. वीसेक वर्षं हजारो माणसांना मृत्यूच्या दारापर्यंत नेऊन आणलं, आणि त्यातल्या इन्सुलिनचा वाटा शून्य निघाला.

विजेची गोष्ट इतकी सरळ नाही. ती सुरू होते विजेविना आणलेल्या आकडीपासून. बुडापेस्टच्या मेदुना या डॉक्टरला वाटलं, अपस्मार, म्हणजे आकडीचा आजार, आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांचे वैरी आहेत. म्हणून 1934 मध्ये त्यानं कापराच्या इंजेक्शननं मुद्दाम आकडी आणली. पुढे कार्डियाझोल हे औषध वापरलं. सुई टोचल्यापासून आकडी येईपर्यंतच्या काही क्षणांत रुग्णांना मरणाची भीती वाटे, दुसऱ्या खेपेला ते गयावया करत. मेदुनाचा सिद्धांत चुकीचा ठरला. आकडीचा परिणाम मात्र खोटा नव्हता.

1938 मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी तीच आकडी विजेनं आणली. माणसाच्या डोक्याला किती वीज सोसेल, याचा अंदाज चेर्लेत्तीनं खाटीकखान्यात बांधला. तिथे डुकरांच्या डोक्याला विजेचे चिमटे लावत, पण ती त्या झटक्यानं मरत नसत. पहिला रुग्ण रेल्वे स्टेशनवर भरकटताना पोलिसांनी पकडून पाठवलेला माणूस होता. चेर्लेत्तीनं स्वतःच लिहून ठेवलंय की पहिला झटका कमी पडला, तेव्हा असंबद्ध बरळणारा हा माणूस एकदम स्पष्ट शब्दांत म्हणाला, दुसरा नको, मारून टाकेल. त्यांनी दुसरा दिला.

या उपचाराचीही पुढे ब्रिटनमध्ये कसोटी झाली. 1980 आणि 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत काही रुग्णांना फक्त भूल दिली, शॉक दिलाच नाही. महिनाभर खऱ्या शॉकचं पारडं जड राहिलं. काही महिन्यांनी फरक उरला नाही. म्हणजे इन्सुलिनसारखा तो पोकळ निघाला नाही, पण कायमचा इलाजही ठरला नाही. अन्नपाणी सोडलेला, दगडासारखा निश्चल झालेला रुग्ण यानं उठून बसतो, हे मी नाकारणार नाही. सरसकट बंदीची मागणी म्हणूनच मला पटत नाही.

पण 2003 मध्ये संशोधक डायना रोझ आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जे मांडलं, तिथे मला थांबावंच लागतं. रोझनं स्वतः हा उपचार घेतलेला. जुने अभ्यास तपासताना दिसलं की प्रश्न डॉक्टरांनी विचारले की समाधानी रुग्णांचं प्रमाण वाढतं, रुग्णांनीच विचारले की घटतं. आणि किमान एक तृतीयांश रुग्ण सांगत होते की आमच्या आठवणी गेल्या त्या गेल्याच.

आपल्याकडे भूलतज्ज्ञ नाही म्हणून भूल न देताच शॉक देण्याची पद्धत कितीतरी वर्षं चालली. पुण्याच्या बापू ट्रस्टसारख्या संस्था त्याविरुद्ध बोलत राहिल्या. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध यांशिवाय शॉक द्यायला मनाई केली. अल्पवयीनांसाठी पालकांच्या संमतीसोबत या कायद्याखालच्या मंडळाची पूर्वपरवानगीही लागते. आपल्यावर कोणता उपचार नको, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचा हक्कही याच कायद्यानं दिला. तो हक्क वापरायला घरच्यांनीच मदत करायला हवी, कारण वेळ आल्यावर निर्णयाचा कागद त्यांच्याच पुढे येतो.

आठवणींचा उल्लेख मात्र या कागदांत कुठेच येत नाही. शॉक सुरू करण्याआधी रुग्णाला त्याच्या शाळेबद्दल, पहिल्या नोकरीबद्दल, मुलीच्या बारशाबद्दल विचारून लिहून ठेवावं आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा विचारावं. याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो. प्रत्येक इस्पितळानं हा अर्धा तास काढावा, आणि रुग्णानं दिलेली उत्तरं केसपेपरला जोडावीत.