शेजाऱ्याने लावलेली बोली

अमेरिकन फुटबॉलमध्ये गार्ड म्हणून खेळणाऱ्याचा चेंडूला जवळजवळ कधीच हात लागत नाही. समोर उभ्या असलेल्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसाला छातीने रेटून बाजूला सारायचं, एवढंच त्याचं काम. तो सरला की मागून चेंडू घेऊन येणाऱ्याला पळायला वाट मिळते. ही वाट फार तर दोन-तीन सेकंद उघडी राहते. पळणारा त्यातून निसटतो, सगळं मैदान त्याच्याकडे बघत उभं राहतं, आणि गार्ड गवतातून उठून पुढच्या खेळीसाठी पुन्हा वाकतो.

ही गोष्ट अशाच एका गार्डची आहे, आणि त्याला हातातून घालवून बसलेल्या संघाची.

सिएटलचा सीहॉक्स हा संघ 1976मध्ये सुरू झाला. पुढची जवळजवळ तीस वर्षं त्याने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, फक्त दूरदर्शनवर पाहिला. 2005च्या हंगामात मात्र प्रशिक्षक माइक होमग्रेन यांच्या हाताखाली संघाला सूर सापडला. सोळांपैकी तेरा सामने जिंकले, लीगमध्ये सर्वांत जास्त गुण केले आणि पहिल्यांदाच सुपर बोल गाठला. तिथे पिट्सबर्गकडून हार झाली, पण शहर संघावर खूश होतं. शॉन अलेक्झांडर हा त्यांचा चेंडू घेऊन पळणारा खेळाडू. त्या वर्षी तो 1,880 यार्ड पळाला, 28 टचडाउन करून त्याने तेव्हाचा विक्रम रचला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

अलेक्झांडर पळायचा तो बहुतेक वेळा डाव्या बाजूने, कारण डावीकडे वॉल्टर जोन्स आणि स्टीव्ह हचिन्सन शेजारी शेजारी उभे असायचे. जोन्स कडेला, हचिन्सन त्याच्या आतल्या अंगाला, गार्डच्या जागेवर. हचिन्सनला संघाने 2001मध्ये, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्याच फेरीत निवडलं होतं, तेव्हापासून ही जोडी जमलेली. एका चालीचे बैल जुळायला किती वर्षं जातात आणि त्यातला एक गेला की उरलेल्याचंही मोल कसं उतरतं, हे ज्याने शेत केलंय त्याला वेगळं सांगायला नको. या दोघांना एकमेकांशी बोलावंही लागत नसे. एकाचा खांदा वळला की दुसऱ्याचा पाय आपोआप सरकायचा.

या जोडीतल्या जोन्सला संघाने आधी पुष्कळ ताटकळवलं होतं. 2002 ते 2004 अशी सलग तीन वर्षं त्याला लांबचा करार न देता एकेका वर्षाच्या बंधनात ठेवलं. तो दरवर्षी सरावशिबिराला न जाता घरी बसायचा आणि हंगाम तोंडावर आला की यायचा. शेवटी 2005मध्ये त्याला सात वर्षांचा, 5 कोटी 25 लाख डॉलरचा करार मिळाला. हा आकडा लक्षात ठेवा, गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

2006च्या वसंतात दोन करार संपत होते, अलेक्झांडरचा आणि हचिन्सनचा. अलेक्झांडरच्या बाबतीत संघाने हात आखडता घेतला नाही. आठ वर्षांचे 6 कोटी 20 लाख डॉलर. ज्याचं नाव पाठीवर लिहून पोरं शाळेत जातात, त्याला सोडायची हिंमत कोणत्याही व्यवस्थापकाला होत नाही. हचिन्सनसाठी मात्र व्यवस्थापक टिम रस्केल यांनी वहीतली दुसरी तरतूद काढली.

लीगच्या नियमांप्रमाणे करार संपलेल्या एका खेळाडूवर संघाला आपली खूण ठेवता येत असे. ती खूण दोन प्रकारची होती. फ्रँचायझी टॅग लावला की त्या जागेवरच्या सर्वांत महागड्या खेळाडूंच्या बरोबरीचा एका वर्षाचा पगार द्यायचा. मग दुसऱ्या कुणी त्याला पळवलंच, तर भरपाई म्हणून पहिल्या फेरीतल्या दोन निवडी घ्यायच्या. एवढी किंमत मोजायला सहसा कुणी धजत नसे. ट्रान्झिशन टॅग स्वस्त होता. त्यात दुसऱ्या संघाने देकार आणला की सात दिवसांच्या आत तेवढीच रक्कम देऊन खेळाडू आपल्याकडे ठेवायचा हक्क मिळे. आयपीएलच्या लिलावातलं आरटीएम कार्ड आठवा, साधारण तोच प्रकार. बोली दुसऱ्याने लावायची आणि आपण म्हणायचं, एवढ्यात आम्हीच घेतो. मात्र फ्रँचायझी टॅगसारखी भरपाई इथे नव्हती, बरोबरी करता आली नाही तर हाती शून्य.

दोन टॅगच्या पगारात सुमारे 6 लाख डॉलरचा फरक होता. त्या वर्षी एका संघाला खेळाडूंवर 10 कोटी 20 लाख डॉलर खर्च करायची मुभा होती, म्हणजे शंभरातला एक डॉलरसुद्धा वाचत नव्हता. सीहॉक्सनी स्वस्त टॅग लावला.

हा हिशेब मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही. टॅगचा पगार ठरवताना लीग आघाडीच्या फळीतल्या सगळ्यांना एकाच रांगेत धरत असे, त्यामुळे गार्डला कडेच्या खेळाडूचा दर द्यावा लागायचा. तेवढे पैसे गार्डला कोण देतो? बाजारात देकार आला तरी तो आवाक्यातला असेल आणि आपण बरोबरी करू, असं त्यांनी धरलं असणार. कागदावर हे चोख होतं. पण त्या कागदाचा एक अर्थ हचिन्सनपर्यंतही पोचत होता. पाच वर्षं तू आमच्याकडे राबलास, लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला, प्रो बोलला, तीनदा निवडला गेलास, तरी तुझं मोल काय हे आम्ही आमच्या तोंडाने सांगणार नाही. तू बाजारात जा, कुणी काय देतं ते विचारून ये, मग बघू.

हे आपल्याकडे परकं आहे असं कुणी समजू नये. हिंजवडीत काय किंवा ठाण्यातल्या एखाद्या छोट्या कारखान्यात काय, वर्षानुवर्षं मान खाली घालून काम करणाऱ्याचा पगार अडून राहतो. तोच माणूस एक दिवस दुसऱ्या कंपनीचं पत्र खिशात घालून साहेबांच्या केबिनमध्ये जातो आणि संध्याकाळपर्यंत त्याला वाढ मंजूर होते. साहेबांना वाटतं, माणूस राखला. त्या माणसाला मात्र घरी जाताना एवढंच कळलेलं असतं, की आपली किंमत या लोकांना परक्या माणसाने सांगावी लागली. बऱ्याचदा वाढ घेऊनही तो वर्षभरात निघून जातो, आणि मला त्याचं कधीच नवल वाटलेलं नाही.

मिनेसोटाच्या व्हायकिंग्ज संघाला गार्डची गरज होती. आदल्याच वर्षी संघाची मालकी बदलली होती, प्रशिक्षक नवा होता, हातात पैसा होता. त्यांनी हचिन्सनपुढे सात वर्षांचा, 4 कोटी 90 लाख डॉलरचा करार ठेवला. गार्डला एवढे पैसे तोवर कुणीच दिले नव्हते. हचिन्सनने सही केली आणि सिएटलचे सात दिवस सुरू झाले.

रक्कम मोठी होती, तरी ती देणं सिएटलला अशक्य नव्हतं. अडचण एका कलमात होती. अमेरिकन फुटबॉलच्या करारातले बहुतेक पैसे पक्के नसतात. खेळाडूला मध्येच काढलं की पुढचे पैसे बुडाले. या करारातही पक्के पैसे 1 कोटी 60 लाखच होते. पण त्यात लिहिलं होतं, की हचिन्सन त्याच्या संघाच्या आघाडीच्या फळीतला सर्वांत जास्त पगाराचा खेळाडू नसेल, तर सगळेच्या सगळे 4 कोटी 90 लाख पक्के होतील. मिनेसोटात तो सर्वांत महागडा ठरणारच होता, तेव्हा त्यांना या कलमाची झळ लागणार नव्हती. सिएटलमध्ये मात्र शेजारी वॉल्टर जोन्स उभा होता. 5 कोटी 25 लाखांना सात वर्षांनी भागा, वर्षाला 75 लाख. हचिन्सनचे 70. त्याच्याच जोडीदाराच्या पगाराचा फास करून तो सिएटलच्या गळ्यात टाकला होता. अशा कलमांना तिकडे विषाची गोळी म्हणतात.

सिएटलने धावाधाव केली. जोन्सला करार बदलायची विनंती केली आणि तो भला माणूस तयारही झाला, म्हणजे आकडा हचिन्सनच्या खाली आला असता. प्रकरण लवादाकडे, कायद्याचे प्राध्यापक स्टीफन बरबँक यांच्यापुढे गेलं. निकाल सिएटलच्या विरोधात लागला. एका गार्डचे सात वर्षांचे सगळे पैसे आधीच पक्के करून देणं संघाला परवडणारं नव्हतं. त्यांनी बरोबरी केली नाही. हचिन्सन मिनेसोटाला गेला आणि त्याच्या बदल्यात सिएटलला काहीही मिळालं नाही. सहा लाख तेवढे वाचले होते.

यानंतर सिएटलने जे केलं ते वाचून अनेकांना बरं वाटलं होतं, पण मला त्यात फक्त दुखावलेला अहंकार दिसतो. थोड्याच दिवसांत त्यांनी मिनेसोटाच्या नेट बर्लसन या खेळाडूला देकार दिला. आकडा मुद्दाम तोच, सात वर्षांचे 4 कोटी 90 लाख. त्यातही कलम घातलं, की एका हंगामात तो मिनेसोटा राज्यात पाच सामने खेळला तर सगळी रक्कम पक्की होईल. व्हायकिंग्जचे घरचे सामनेच आठ. ते बरोबरी करूच शकत नव्हते. बर्लसन सिएटलमध्येच वाढलेला, गुणी खेळाडू. तो आला आणि चार हंगाम मन लावून खेळला. पण तो चेंडू झेलणारा होता. डाव्या बाजूची मोकळी जागा मोकळीच राहिली. शिवाय बर्लसनसाठी नियमाप्रमाणे तिसऱ्या फेरीतली एक निवड मिनेसोटाला द्यावी लागली. म्हणजे गार्ड गमावून भरपाई नाही, आणि सूड घ्यायचा तर पदरची निवड द्यायची. तेही ज्याने फास टाकला त्यालाच!

पुढच्या हंगामात अलेक्झांडरच्या पायाचं हाड मोडलं आणि तो सहा सामने बाहेर बसला. परत आल्यावरही तो आधीचा अलेक्झांडर नव्हता. 2005मध्ये तो दर खेपेला सरासरी पाच यार्ड पुढे जायचा, 2006मध्ये साडेतीनच. सगळा दोष गार्डच्या रिकाम्या जागेवर टाकणं अन्यायाचं होईल. त्याचं वय तिशीकडे झुकलं होतं आणि आदल्या वर्षी त्याने प्रचंड भार वाहिला होता. तरीही, ज्याने वाट काढायची तो माणूस जाऊ देऊन त्या वाटेने पळणाऱ्याला आठ वर्षांचा करार देण्यातली विसंगती त्या शहरातल्या पोरासोरांनाही दिसत होती. करारातली दोन वर्षं झाली आणि 2008च्या एप्रिलमध्ये संघाने अलेक्झांडरला मोकळं केलं. ज्याच्यासाठी सगळ्यात मोठी थैली उघडली, त्याची अशी पाठवणी झाली. यात त्याचा काय अपराध होता?

मिनेसोटाने 2007मध्ये एड्रियन पीटरसन नावाचा तरुण पळणारा निवडला. त्याच वर्षी 4 नोव्हेंबरला सॅन डिएगोविरुद्ध तो एका सामन्यात 296 यार्ड पळाला. लीगच्या इतिहासात एका सामन्यात त्याआधी इतकं कुणी पळालं नव्हतं. त्याच्यापुढे डावीकडे वाकून उभा होता स्टीव्ह हचिन्सन. त्याने तिथेही चारदा प्रो बोल गाठला आणि 2020मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेमसाठी निवडलं गेलं. जोन्सचं नाव आधीच, 2014मध्ये, तिथे लागलं होतं. आता दोघे एकाच छताखाली आहेत, पण संघाच्या अंगणात ते एकत्र खेळले ती पाचच वर्षं.

सिएटलने 2008मध्ये सोळांपैकी चार सामने जिंकले, 2009मध्ये पाच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रस्केल यांनी राजीनामा दिला. 2011मध्ये लीग आणि खेळाडू यांच्यात नवा करार झाला, त्यात विषाच्या गोळीवर बंदी आली. दोन संघ भांडले आणि त्याचा नियम झाला, एवढं तरी त्यातून निघालं.

2010मध्ये सिएटलला नवे प्रशिक्षक आणि नवे व्यवस्थापक मिळाले. त्या एप्रिलच्या निवडीत सहाव्या क्रमांकावर, म्हणजे त्यांच्या हातातल्या सर्वांत मोलाच्या निवडीवर, त्यांनी रसेल ओकुंग या डावीकडच्या कडेच्या खेळाडूला घेतलं. दुसऱ्या वर्षी पहिल्या फेरीत पुन्हा आघाडीच्या फळीतलाच खेळाडू घेतला, जेम्स कार्पेंटर. त्याला पुढे गार्डच्या जागेवर उभं केलं. चेंडू घेऊन पळायला त्यांनी 2010च्या ऑक्टोबरमध्ये बफेलोहून मार्शॉन लिंचला आणलं. त्याच्यासाठी मोजलं ते एवढंच: चौथ्या फेरीतली एक निवड आणि वर आणखी एक किरकोळ निवड. 2014च्या फेब्रुवारीत सीहॉक्सनी डेन्व्हरला 43-8 असं हरवून पहिला सुपर बोल जिंकला.