दिलेला शब्द कोणाचा?

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास 'कीप' हें क्रियापद प्रथम फार सोपें वाटतें. 'ठेवणें' एवढा अर्थ पाठ करून तो निश्चिंत होतो. पण 'कीप टाइम' म्हणजे घड्याळानें बरोबर चालणें, 'कीप हाउस' म्हणजे घर सांभाळणें, 'कीप अप अपिअरन्सेस' म्हणजे आंतून पोकळ झाल्यावरहि वरचा डौल राखणें, असे प्रयोग भेटूं लागले कीं तो गोंधळतो. मला स्वतःला विचारांत पाडिलें तें 'कीप वन्स वर्ड' या प्रयोगानें. इंग्रज मनुष्य आपला शब्द प्रथम देतो आणि मग तोच ठेवतो. जें देऊन टाकलें तें जवळ ठेवणार कसें?

हा नुसता व्याकरणाचा खेळ नव्हे. दिलेला शब्द ऐकणाराच्या मालकीचा होतो. म्हणूनच त्यांतून आपणांस मोकळें करण्याचा अधिकार त्याचा, आपला नव्हे. आपल्यापाशीं उरते ती त्याची ठेव. मराठींत आपण शब्द 'पाळतों'; गाय पाळावी, व्रत पाळावें, तसा. मला आमचें क्रियापद अधिक खरें वाटतें. ठेव पेटींत घालून विसरतां येते. गाईला विसरून चालत नाहीं.

पण ज्याला शब्द दिला तोच निवर्तला तर? धनी गेला, ठेव संपली, असें कित्येक म्हणतील. मला उलट वाटतें. मरणोन्मुख आईस 'धाकट्याला शिकवीन' असें सांगणाऱ्या मुलाची ओढाताण पाहून, ती जगती तर, तिनें कदाचित् त्याला मोकळें केलें असतें. आतां तसें म्हणावयास कोणी उरलें नाहीं.