मोडलेली काठी आणि हिरावलेलं पदक

९ फेब्रुवारी २००२. सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक ठरवणारी शर्यत सुरू होती: महिलांची १५ किलोमीटर क्रॉस-कंट्री, मुक्त शैलीतली. सोल्जर हॉलोच्या बर्फावर आघाडीच्या घोळक्यात इटलीची स्तेफानिया बेल्मोंदो होती, वय तेहतीस. शर्यतीचा दोन तृतीयांश भाग सरला आणि तिच्या हातातली एक काठी मोडली.

या खेळात काठी आधारापुरती नसते. मुक्त शैलीत स्की तिरक्या टाकत, स्केटिंग करावं तसं पुढे सरकायचं असतं आणि खांदे, पाठ, पोट यांचा सगळा जोर काठ्यांमधून बर्फात उतरवायचा असतो. एक काठी गेली की शरीर एका अंगाला कलतं, लय तुटते आणि चढ अंगावर येतो. त्यातच घोळका सुटला की पुढच्या खेळाडूच्या आडोशाने चुकणारा वाराही थेट छातीवर घ्यावा लागतो. नियमाने काठी बदलता येते, पण कडेला उभ्या असलेल्या माणसाकडून दुसरी काठी हाती येईपर्यंत घोळका निघून गेला होता. बेल्मोंदोने तो पुन्हा गाठला. शेवटच्या टप्प्यात रशियाच्या लारिसा लाझुतिनालाही गाठलं आणि १.८ सेकंदांनी मागे टाकलं.

हे यश नेमकं कोणाचं? काठी शेवटच्या तीनशे मीटरवर मोडली असती, तर तेच कष्ट, तीच जिद्द आणि तेच कौशल्य असूनही तिला हे सुवर्ण मिळालं नसतं. मग ज्याला आपण 'कमावलेलं' म्हणतो, त्यात कमाई किती आणि योगायोग किती? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये नेमका हाच काटा नैतिकतेच्या क्षेत्रात रुतवला होता. माणसाला दोष किंवा श्रेय देताना, जे त्याच्या हातात नव्हतं तेही आपण त्याच्या खात्यावर मांडतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

याचं जुनं उत्तर इटलीच्याच मातीत सापडतं. रोमच्या सिसेरोने आपल्या ग्रंथात स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचा तिरंदाज उभा केला आहे. नेम धरण्यासाठी जे करता येईल ते सगळं करणं, एवढंच त्याचं ध्येय. बाण लागला तर बरंच, पण लागणं हे ध्येय नव्हे. त्याच पंथाचा एपिक्टेटस तर आणखी कडक. आपल्या ताब्यात काय आहे याची मोजदाद करताना तो स्वतःचं शरीरसुद्धा वगळतो. हे मत भव्य आहे, यात शंका नाही. पण बेल्मोंदोच्या कारकिर्दीला ते पुरत नाही. १९९२ मध्ये आल्बेरव्हिल ऑलिम्पिकमध्ये ३० किलोमीटरचं सुवर्ण जिंकून ती क्रॉस-कंट्रीत ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी पहिली इटालियन महिला झाली. लगेच पुढच्याच वर्षी पायाच्या अंगठ्याची दुखापत आणि शस्त्रक्रिया. १९९४ मध्ये लिलेहॅमरला ती दोन कांस्यपदकं घेऊन परतली. १९९७ च्या त्रोंदहाइम जागतिक स्पर्धेत तिच्या वाट्याला चार रौप्यं आली, कारण वैयक्तिक शर्यतींतलं प्रत्येक सुवर्ण रशियाच्या येलेना व्याल्बेने नेलं. १९९९ मध्ये रामसाऊला ती पुन्हा जगज्जेती झाली. या सगळ्यातून अंगठा वजा करा, काठी वजा करा, व्याल्बेही वजा करा. मागे निव्वळ इच्छाशक्ती उरेल, पण ती बर्फावर एक मीटरही सरकणार नाही.

इथे गीतेचा अठरावा अध्याय अधिक उपयोगी पडतो. कर्म सिद्धीला जाण्यासाठी तिथे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. जुन्या भाष्यांत हे दैव म्हणजे इंद्रियांच्या देवता. आज आपण त्यात योगायोगही वाचतो. ज्ञानेश्वरांनी या पाचांवर विस्ताराने निरूपण केलं आहे आणि त्याचा रोख सरळ आहे: एकट्या स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही. स्टोइकांनी 'माझं' आणि 'माझं नसलेलं' अशी भिंत घातली. गीतेने पाचही एका रांगेत बसवले. इथे दैव कर्तृत्वाचा प्रतिस्पर्धी राहत नाही, ते कर्माचंच एक अंग होतं. सोल्जर हॉलोच्या सुवर्णात दुखरा अंगठा आहे, मोडलेली काठी आहे, नवी काठी पुढे करणारा हातही आहे. त्यामुळे बेल्मोंदोचं श्रेय उणं होत नाही, फक्त ते एकटं राहत नाही.

डोंगरात राहणाऱ्यांना हे पुस्तकाशिवायही कळतं. बेल्मोंदो पिएमोंतमधल्या विनादिओची. या गावाच्या हद्दीत, २,००० मीटरहून अधिक उंचीवर, सांत आन्नाचं तीर्थस्थान आहे. संकटातून वाचलेल्यांनी अर्पण केलेल्या नवसाच्या चित्रफळ्या तिथे आहेत. जीव वाचला तो आपल्याच हुशारीने, असं त्या फळ्या म्हणत नाहीत. माणसाने काहीच केलं नाही, असंही म्हणत नाहीत.

इथवर विचार सुखाचा आहे. खरी कसोटी पुढे लागते.

२४ फेब्रुवारीला, त्याच ऑलिम्पिकच्या अखेरच्या दिवशी, ३० किलोमीटरची शर्यत झाली. लाझुतिना पहिली आली आणि त्याच दिवशी बाद ठरली. तिच्या नमुन्यात डार्बेपोएटिन सापडलं होतं. हे मुळात मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयावरचं औषध. तांबड्या पेशी वाढवून ते स्नायूंना जास्त प्राणवायू पोहोचवतं. सुवर्ण इटलीच्याच गाब्रिएला पारुत्सीला मिळालं, रौप्य बेल्मोंदोला. त्याच औषधासाठी रशियाचीच ओल्गा दानिलोवाही पकडली गेली. २००३ च्या अखेरीस क्रीडा लवादाच्या निर्णयाने दोघींचे त्या स्पर्धेतले सगळे निकाल पुसले गेले आणि १० किलोमीटरच्या शर्यतीत पदकाबाहेर राहिलेल्या बेल्मोंदोच्या नावावर कांस्य लागलं. तिचं दहावं ऑलिम्पिक पदक हे असं, निवृत्तीनंतर, कागदावरून आलं.

सोसणाऱ्याच्या बाजूने पाहिलं, तर काठी मोडणं आणि पुढच्या खेळाडूचं रक्त औषधाने घट्ट झालेलं असणं, दोन्ही सारखंच. दोन्ही बाहेरून येतं, न सांगता येतं, त्यात तिचा काही दोष नसतो. म्हणूनच दुसऱ्याची लबाडी दैवाच्या सदरात टाकण्याचा मोह होतो. 'नशिबात नव्हतं' म्हणायचं, मन शांत ठेवायचं आणि पुढच्या शर्यतीला लागायचं. हा मोह घातक आहे. काठीमागे कोणाची इच्छा नसते, सुईमागे असते. मोडलेल्या काठीपुढे समत्व राखणं ही साधना आहे, पण चोरीपुढे तेच समत्व राखलं तर ते चोराच्या कामी येतं. गीतेची पाच कारणं सांगितली गेली ती आपल्या कर्माचा अहंकार उतरावा म्हणून. दुसऱ्याच्या अधर्माला माफीपत्र द्यावं म्हणून नव्हे.

आणि हा हिशेब रशिया विरुद्ध इटली असा मांडला, तर तोही अप्रामाणिक ठरेल. त्याच काळात फेरारा विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रांचेस्को कोन्कोनी यांच्यावर, खेळाडूंना दिल्या गेलेल्या ईपीओ या तशाच औषधाच्या प्रकरणात, इटलीतच खटला चालला. मुदत उलटल्याच्या कारणाने तो शिक्षेविना संपला. संशयाची सावली अशी पसरली की स्वच्छ खेळाडूच्या पदकावरही ती पडते, आणि आपलं पदक स्वच्छ आहे हे सिद्ध करण्याचा मार्ग त्याच्याकडे नसतो. लबाडीचं हे नुकसान कुठलाही लवाद भरून देऊ शकत नाही.

पारुत्सीचं सुवर्ण 'आयतं' होतं का? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. शर्यतीची अट मान्य करून जे धावले, त्यांच्यात ती पहिली आली. लाझुतिना त्या शर्यतीत होतीच कुठे? पारुत्सीला काही जास्तीचं मिळालं नाही, तिचं तिला परत मिळालं. मात्र परत मिळणं म्हणजे वेळेवर मिळणं नव्हे. पारुत्सीचा न्याय त्याच दिवशी झाला. त्याच सॉल्ट लेकमध्ये कॅनडाची बेकी स्कॉट पाठलाग शर्यतीत दानिलोवा आणि लाझुतिना यांच्यामागे तिसरी आली होती. आधी तिचं कांस्य रौप्य झालं आणि शेवटी जून २००४ मध्ये व्हँकुव्हरला एका समारंभात तिला सुवर्ण दिलं गेलं. शर्यतीनंतर दोन वर्षांहून अधिक काळाने.

स्कॉटने मधल्या काळात वाट पाहिली नव्हती. कॅनडाच्या ऑलिम्पिक समितीच्या साथीने ती लवादापुढे लढली. पुढे ती जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेत खेळाडूंच्या समितीची प्रमुख झाली. २०१८ मध्ये रशियाच्या उत्तेजकविरोधी यंत्रणेला पुन्हा मान्यता देण्याची शिफारस झाली, तेव्हा तिने त्या संस्थेच्या अनुपालन समितीचा राजीनामा दिला.